पुरावा किती, विश्वास किती आणि चूक झाली तर भरपाई कोणाची?

निरीश्वर

नास्तिक माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. 'देव नाही हे सिद्ध कर' हा पहिला. 'देवाची भीती नाही, मग तू वाईट का वागत नाहीस?' हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आज पहिल्याबद्दल लिहितो, दुसऱ्याकडे ओघात येऊच. जिथे पटणार नाही तिथे नेमकं बोट ठेवा.

विश्वात कुठेही, कसलाही देव नाही असं छातीठोक सांगायचं तर आधी सगळं विश्व धुंडाळावं लागेल. तसा माझा दावाच नाही. माझ्यासमोर येतात ते ठरावीक दावे. अमका देव नवसाला पावतो, तमक्याच्या अंगाऱ्याने ताप उतरतो, मंगळामुळे लग्न अडतं. ते एकेक करून तपासायचे आणि पुरावा पेलेल तेवढाच विश्वास त्यावर टाकायचा. तपासताना आधी हे विचारायचं की दावा खोटा असता तर आपल्याला काय वेगळं दिसलं असतं? नवस फेडायची वेळ आली तर कृपा आणि नाही आली तर परीक्षा, अशी मांडणी असेल तर दावा कधीच खोटा ठरत नाही. आणि जो खोटा ठरू शकत नाही, तो जगाबद्दल काही सांगतही नाही.

आपल्या कोल्हापुरातलंच उदाहरण घेऊ. अंबाबाईचा किरणोत्सव. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा अशी एकेक जागा ओलांडत मूर्तीच्या चरणांपर्यंत येतात आणि वर सरकतात. आता या तारखांचा २१-२२ डिसेंबरशी, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाशी, हिशोब लावून बघा. १० नोव्हेंबर त्याच्या ४१-४२ दिवस आधी, १ फेब्रुवारी तितकेच दिवस नंतर. दोन्ही वेळा सूर्याची दक्षिण क्रांती (विषुववृत्तापासून दक्षिणेला असलेलं त्याचं अंतर) सुमारे १७ अंश असते, म्हणजे सूर्य क्षितिजावर जवळपास त्याच जागी, खऱ्या पश्चिमेपासून साधारण १८ अंश दक्षिणेला मावळतो. या काळात मावळतीची जागा रोज सुमारे ०.३ अंश सरकते. सूर्यबिंब दिसायला अर्ध्या अंशाचं. म्हणून आठवडाभर आधी किंवा नंतर तीच किरणं त्या अरुंद वाटेत बसत नाहीत.

हे स्पष्टीकरण मला पटतं, कारण ते चुकू शकतं. ढग आले, हवेत बाष्प किंवा धूळ वाढली, वाटेत एखादं बांधकाम उभं राहिलं तर किरणं कुठल्या टप्प्यावर अडतील हे ते आधी सांगतं आणि तसंच होतं. किरणं अडली की भाविकसुद्धा अडथळा शोधायला मोजमाप करणारी माणसंच बोलावतात. म्हणजे पद्धत आपली एकच आहे. मी ती देवळाबाहेरच्या बाकीच्या दाव्यांनाही लावतो, इतकाच फरक.

महाद्वार रोड

निरीश्वरदादा, किरणोत्सवाचं गणित मांडलंत ते बरोबर आहे आणि त्यात मला काही खटकलं नाही. ज्यांनी ही वाट आखली त्यांना सूर्य कळत होता म्हणूनच तर ती आखता आली. पण किरणोत्सवाला जो हात जोडून उभा राहतो तो काही दावा करत नाही. 'सूर्य देवीसाठी वळला' असं तिथे कोणी म्हणत नाही. भक्ती ही मागणी नव्हे. पंढरीला चालत जाणारा वारकरी विठ्ठलाकडे पुराव्याचा कागद मागत नाही आणि देतही नाही. तुमची चाळणी त्याला लावायची म्हणजे तराजूने गाणं मोजण्यासारखं झालं.

निरीश्वर

महाद्वारताई, हे मान्य. जिथे दावा नाही तिथे चाळणीही नाही. अभंग ऐकून डोळे भरून आले तर तो अनुभव खराच आहे, त्याला पुरावा मागणं हा अडाणीपणा होईल.

पण सीमा कुठे ओलांडली जाते ते पाहा. 'प्रार्थनेने मन शांत होतं' हे एक. 'प्रार्थनेने दुसऱ्याचं ऑपरेशन नीट पार पडतं' हे वेगळं, कारण ते मोजता येतं. २००६ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ६ रुग्णालयं, बायपास झालेले १,८०२ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी ३ गटांत वाटणी. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली पण त्यांना खात्री नव्हती, त्यांच्यात ५२ टक्के जणांना गुंतागुंत झाली. ज्यांच्यासाठी झाली नाही, त्यांच्यात ५१ टक्के. आणि 'आपल्यासाठी नक्की प्रार्थना चालू आहे' हे ज्यांना माहीत होतं, त्यांच्यात ५९ टक्के. शेवटचा आकडा बघून 'प्रार्थना घातक असते' असं मी म्हणणार नाही, तेवढं वजन त्या एका आकड्यात नाही. पहिल्या दोन आकड्यांत मात्र फरक दिसत नाही आणि मूळ प्रश्न त्याचाच होता.

करवीरकर

भावा, सगळं बरोबर हाय, पण एक सांग. तू स्वतः कुठं क्रांती मोजलीस? पुस्तकात वाचलीस. म्हणजे तुझा पण विश्वासच की. आमचा देवावर, तुझा शास्त्रज्ञावर.

निरीश्वर

चांगला मुद्दा काढलास. मी आयुष्यात फार थोड्या गोष्टी स्वतः मोजतो, बाकी सगळं दुसऱ्याच्या शब्दावर. पण शब्दाशब्दांत फरक असतो, आणि तो कोल्हापूरकराला पावसाळ्यात कुणी शिकवायला लागत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये सगळं शहर एकच विचारतं, 'राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती?' ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पाणीपट्टी वाचायला तू-मी जात नाही. तरी आकडा ऐकून लोक तळमजल्यावरचं सामान वर चढवतात, जनावरं हलवतात. का? पट्टी उघड्यावर आहे, कोणीही जाऊन बघू शकतो. आकडा तासातासाला नव्याने येतो. राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले याच्याशी तो जुळतो. आणि तो चुकला तर संध्याकाळपर्यंत पाणी स्वतःच सांगतं. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं, तेव्हा कुठल्या गल्लीत पाणी शिरलं त्यावरून पट्टीचा आकडा घरोघरी पडताळून झाला. याला मी भरवसा म्हणतो. पट्टीच नाही, चुकलं तर कळायची सोय नाही आणि विचारलं तर पाप लागतं, तिथे ठेवतात ती श्रद्धा. मराठीत दोन्हीला 'विश्वास' म्हणतात, तिथेच घोटाळा होतो.

गुणोत्तर

तपासणीचं मराठी मुलखातलं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाचं आहे, ते इथे यायलाच हवं. जयंत नारळीकर. २००८ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीने फलज्योतिषाची चाचणी घेतली. २०० पत्रिका, त्यातल्या १०० हुशार विद्यार्थ्यांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाकडे ४० पत्रिका. पत्रिका बघून फक्त एवढंच सांगायचं, हुशार की मतिमंद? उत्तरं २७ जणांनी पाठवली.

नाणं उडवलं तरी ४० पैकी २० बरोबर येतात. म्हणून उत्तीर्ण होण्याची रेघ आधीच २८ वर ठरवली होती. निव्वळ नशिबाने २८ किंवा जास्त येण्याची शक्यता साधारण १२० मध्ये १. सर्वांत वरचा आला तो २४ वर. आता २४ बघून काही जण म्हणतात, 'बघा, निम्म्यापेक्षा जास्त!' पण २७ जणांनी नुसती नाणी उडवली असती तरी त्यांतल्या तिघा-चौघांचे २४ किंवा वर आलेच असते. एका संस्थेने सगळ्या २०० पत्रिका पाहिल्या, त्यांची १०२ बरोबर. नाण्याची १००.

यात शिकण्यासारखं आहे ते रेघ आधी ठरवण्याचं. रेघ निकालानंतर ओढली तर कोणीही उत्तीर्ण होतो.

विहीर बोअर

माझं काम भूजलाचं, म्हणून पाणाड्यांबद्दल लिहितो. करवीर, पन्हाळा, कागल, कुठेही बोअर मारायचं म्हटलं की आधी पाणाड्या येतो. कोणी उंबराची किंवा कडुलिंबाची दोन फाट्यांची काठी धरतो, कोणी तळहातावर नारळ आडवा ठेवतो आणि 'पाणी' आलं की नारळ उभा राहतो. यातले बहुतेक फसवे नसतात, हे आधी सांगतो. काठी खरोखर फिरते आणि आपण ती फिरवत नाही असं त्यांना मनापासून वाटतं. ताणून धरलेली लवचीक काठी अस्थिर अवस्थेत असते. मनगट दोन-तीन मिलिमीटर वळलं की टोक हातभर खाली जातं, आणि ते वळणं माणसाला जाणवत नाही. अपेक्षा असेल तिथे हात आपोआप वळतो.

मग पाणी का लागतं? आपल्याकडे काळा पाषाण. वर माती, खाली मुरूम, त्याखाली सांधे-भेगांचा फुटका खडक. पावसाचं पाणी या वरच्या थरांत मुरून बसतं, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी थोडं तरी पाणी लागतंच. पाणाड्याने जागा दाखवली काय, डोळे मिटून दगड फेकला काय, ओल सापडते. खरा प्रश्न असतो किती आणि मे महिन्यात किती तास. 'दोन इंची पाणी' ऐकून खूश होऊ नका, त्या इंचाला वेळेचा हिशोब नाही. २०० लिटरचं बॅरल किती मिनिटांत भरतं ते घड्याळ लावून बघा. ४ मिनिटांत भरलं तर तासाला ३,००० लिटर. हीच मोजणी मार्च आणि मे मध्ये पुन्हा करा.

दुसरी गोम नोंदीची. पाणी लागलेल्या बोअरची कथा गावभर होते. कोरडं गेलेलं बोअर मालक बुजवतो आणि गप्प बसतो. पाणाड्याची खरी टक्केवारी हवी तर त्याने दाखवलेल्या सगळ्या जागा, ओल्या आणि कोरड्या, एका वहीत यायला हव्यात. आणि शेजारी पाणाड्याशिवाय मारलेल्या बोअरची वहीसुद्धा हवी. दुसरी वही कुणीच ठेवत नाही.

करवीरकर

आमच्या पट्ट्यातल्या पाणाड्याला घेऊन चाचणी करायची म्हटली तर कशी करायची? पाणाड्याचा अपमान न करता.

विहीर बोअर

उद्या सविस्तर लिहितो. मोजून लिहावं लागेल.

पांढरा कोट

पाणाड्या चुकला तर पैसे बुडतात. सर्पदंशाला मांत्रिक गाठला तर माणूस जातो. त्यामुळे 'कुणाचं काय बिघडतंय' हा युक्तिवाद सगळीकडे सारखा लागू होत नाही. विश्वास बाळगायला किती पुरावा लागावा, हे चुकीची किंमत काय यावरही ठरतं.

मांत्रिकाची परीक्षा बहुतेकांनी पाहिली असेल. कडुलिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष नाही, गोड किंवा बेचव लागला तर 'चढलंय'. घाबरलेल्या माणसाचं तोंड कोरडं पडलेलं असतं, चव तशीही लागत नाही. उलट मण्यार रात्री झोपेत चावते, दुखत नाही, सूज नाही, पाला कडूच लागतो. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आवाज बदलतो, आणि तोवर श्वासाचे स्नायू लुळे पडायला लागलेले असतात.

आता दवाखान्यातली परीक्षा. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. रुग्णाचं २ मिलि ताजं रक्त नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं. नळी उभी ठेवायची, २० मिनिटं हात लावायचा नाही, हलवायची नाही. मग एकदाच तिरकी करायची. गाठ बनून रक्त जागीच राहिलं तर ठीक. पाण्यासारखं ओघळलं तर विष आहे, प्रतिविष सुरू.

हीसुद्धा चुकते, आणि कशी चुकते तेही लिहून ठेवलेलं आहे. नळी साबणाने धुतलेली असेल किंवा प्लास्टिकची असेल तर निरोगी माणसाचं रक्तही गोठत नाही, कारण गोठण्याची सुरुवात काचेच्या स्पर्शाने होते. दहाव्या मिनिटाला कुणी उत्सुकतेने नळी हलवली तर निकाल वाया. रक्त गोठलं म्हणून नाग-मण्यारीचं विष नाही असंही म्हणता येत नाही, ते मज्जातंतूंवर काम करतं, त्यासाठी पापण्या, मान आणि श्वास बघत राहावं लागतं. प्रतिविष साधारण १० कुप्यांपासून, सलाइनमधून तासाभरात. लहान मुलालाही तेवढंच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. ६ तासांनी नळीची परीक्षा पुन्हा.

मांत्रिकाकडचे इतके जण वाचतात कसे? दिवड, धामण, नानेटी, कवड्या हे बिनविषारी साप. कवड्या तर दिसायला मण्यारीसारखा. शिवाय विषारी साप चावूनही कधी विष सोडत नाही. हे सगळे कशानेही वाचतात आणि श्रेय मंत्राला जातं. ऊसात दंश झाला तर हात-पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, आवळपट्टी नको, ब्लेड नको, चोखणं नको. चालवत नेऊ नका. सीपीआर (कोल्हापुरातलं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा.

कलम

याला कायद्याचीही बाजू आहे. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत १२ बाबी दिल्या आहेत. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं ही त्यांतलीच एक. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे, दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तक्रार पोलीस ठाण्यात करायची.

पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, वारी, कीर्तन, भजन यांना हा कायदा हात लावत नाही, तसं त्यात स्पष्ट लिहिलंय. भाविकाला घाबरवण्यासाठी जो याचा उपयोग करतो, त्याने कायदा वाचलेला नसतो. डॉ. दाभोलकरांनी या कायद्यासाठी १८ वर्षं घालवली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये आपल्या शहरात कॉम्रेड पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुराव्याबद्दल बोलणं ही इथे निव्वळ बौद्धिक करमणूक नाही, हे ध्यानात असू द्या.

महाद्वार रोड

कायद्याचं आणि दंशाचं पटलं. त्यात श्रद्धा आडवी येऊ नये हे आम्हीही घरात सांगतो. आता दुसरा प्रश्न राहिला तो घ्या. कोणी बघत नसताना, पकडलं जाण्याची शक्यता नसताना, नास्तिकाला कोण अडवतं? आस्तिकाला निदान वाटतं की कोणीतरी बघतंय.

श्रावक

यावर मधेच बोलतो. आमच्या जैन दर्शनात जग निर्माण करणारा ईश्वर मानत नाहीत. तरी अहिंसा, सत्य, अचौर्य, ब्रह्मचर्य, अपरिग्रह ही पाच व्रतं किती काटेकोर असतात हे कोल्हापूर-सांगली पट्ट्यात कुणाला सांगायला नको. सूर्यास्ताआधी जेवण, कंदमुळं वर्ज्य, पाणी गाळून. कर्माचा सिद्धान्त आम्ही मानतो, त्यामुळे आम्ही निरीश्वरदादांच्या अर्थाने नास्तिक नाही. पण वरून बघणारा निर्माता असल्याशिवाय नीती टिकत नाही, हे म्हणणं आमच्या उदाहरणापुढे उभं राहत नाही.

निरीश्वर

श्रावकदादा, आभार. ताई, आता माझं उत्तर.

'कोण अडवतं' या प्रश्नात गृहीत आहे की माणूस मुळात सुटलेला बैल आहे आणि वेसण हवी. मला चोरी करण्यापासून अडवतो तो ज्याची चोरी होणार तो माणूस. त्याचं नुकसान मला दिसतं, तेवढं कारण पुरतं. कुणाला ते पुरत नसेल तर त्याच्यासाठी कायदा, शेजार आणि अब्रू आहेच, आणि ती आस्तिकांनाही लागते. नाहीतर देवळाच्या दानपेटीला कुलूप लागलं नसतं.

दुसरं, धर्मातलं चांगलं कोणतं आणि टाकाऊ कोणतं हे आपण ठरवतो कशाने? वेदोक्त प्रकरण आठवा. १८९९ च्या सुमारास पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी शाहू महाराजांसाठी वेदोक्त (वेदांतले) मंत्र म्हणायला नकार देण्यात आला, पुराणोक्त (पुराणांतले) मंत्रच म्हटले गेले. नकार देणाऱ्यांकडे शास्त्राधार होता. महाराज नास्तिक नव्हते, देव मानणारे होते. पण 'शास्त्रात आहे' एवढ्यावर ते थांबले नाहीत. माणसाला माणूस म्हणून काय मिळायला हवं, हे त्यांनी शास्त्राच्या बाहेर उभं राहून विचारलं. २६ जुलै १९०२ चा ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा कुठल्या पोथीतून आला नाही. म्हणजे आस्तिक असोत की नास्तिक, पोथीतलं काय घ्यायचं हे ठरवणारा निकष आपल्याकडे आधीच असतो. मी पोथी बाजूला ठेवून थेट त्या निकषाबद्दल बोलतो.

माझ्या मते नास्तिकाची नीती एका बाबतीत जास्त कडक असावी लागते. समजा हिशोबात मी एखाद्या मजुराचे ५०० रुपये कापले. देवाला नारळ फोडून किंवा अनवाणी जोतिबाला जाऊन ते फिटत नाहीत, कारण माझ्या लेखी ते देणं देवाचं नव्हतंच. मला त्या मजुराचं घर शोधून पैसे द्यावे लागतात आणि तोंडाने चूक कबूल करावी लागते. तो वारला असेल तर त्याच्या माणसांना. मध्ये कोणी तिसरा नाही जो हिशोब मिटवून देईल. हे अवघड आहे. पुष्कळ नास्तिक इथे कमी पडतात, हेही मान्य करतो. देव नाकारला म्हणून कोणी आपोआप सज्जन होत नाही, आणि बायकोला कमी लेखणारे, जात पाळणारे नास्तिक आपल्या आसपास आहेतच. त्यांनी पुराव्याची चाळणी देवाला लावली, स्वतःच्या सवयींना लावली नाही.

महाद्वार रोड

मजुराचं उदाहरण मनाला लागलं. पण आमच्या संतांनीही हेच सांगितलं, की माणसाचं देणं बुडवून केलेली भक्ती देवाला पोचत नाही. तेव्हा नारळ फोडून मिटवणारा आस्तिक हा तुमचा विरोधक म्हणून उभा करू नका, तो आमच्यातही दोषीच आहे.

निरीश्वर

दुरुस्ती मान्य. तेवढा भाग मी सैल लिहिला होता.

सासुरवाशीण कागल

तत्त्वाचं झालं. रोजच्या अडचणींचं कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते, नव्याने नास्तिक झालेल्यांना उपयोगी पडेल.

कोर्टात साक्ष द्यायची वेळ आली तर 'ईश्वरसाक्ष' म्हणायची सक्ती नसते. 'गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो' असं म्हणता येतं, १९६९ च्या शपथ कायद्यात तशी तरतूद आहे. कारकून सवयीने ईश्वराचा मसुदा वाचायला लागतो, तेव्हा आधीच शांतपणे सांगायचं. लग्न विधीशिवाय करायचं तर विशेष विवाह कायदा, १९५४. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान ३० दिवस राहिलेला हवा, नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबायचं, लग्नाच्या दिवशी ३ साक्षीदार. बहुतेकांची चूक होते ती हॉलची तारीख आधी ठरवून नोटीस उशिरा देण्याची. उलटं करा.

अंत्यविधी विधीविना हवा असेल तर आत्ताच लिहून घरच्यांना वाचून दाखवा. मेल्यावर भावकीत वाद होतो आणि ऐनवेळी सगळ्यात मोठा आवाज असणाऱ्याचं चालतं. नेत्रदान ६ तासांच्या आत व्हावं लागतं, पंखा बंद करून पापण्यांवर ओला कापूस ठेवायचा. रक्षा पंचगंगेत न सोडता शेतात किंवा झाडाच्या आळ्यात घालता येते.

आणि घरात सासूबाईंची पूजा असेल तर फुलं आणून द्यायला काही हरकत नाही. त्यांच्या गुडघ्यांना परसापर्यंत चालवत नाही, एवढंच तिथे बघायचं. आरतीला उभं राहायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. पण कुणी आजारी पडलं आणि घरात 'आधी देवऋषाकडे' असं चाललं, तिथे गप्प बसायचं नाही.

करवीरकर

ताई, शपथेचं म्हाईतच नव्हतं. लई उपयोगाचं.

विहीरदादा, चाचणी?

विहीर बोअर

लिहितो. पाणाड्याला आव्हान म्हणून बोलवू नका. 'तुमची कला मोजायची आहे, अटी तुम्ही आणि आम्ही मिळून ठरवू' असं सांगा. सगळ्या अटी एका कागदावर, दोघांच्या सह्या.

२० लिटरचे अपारदर्शक, एकसारखे ५ डबे. एकात पाणी, चारांत कोरडी वाळू. डबे एकमेकांपासून किमान १० फुटांवर, कोरड्या जमिनीवर, जागांना १ ते ५ आकडे. आधी उघडी फेरी घ्या. झाकण काढून, पाणी कशात आहे हे त्याला दाखवून, काठी त्याच डब्यावर फिरते का ते त्यालाच बघू द्या. 'जमतंय, मला स्पष्ट जाणवतंय' असं तो म्हणाला की ते कागदावर लिहा. ही फेरी गाळू नका. ती गाळली तर शेवटी 'डब्यातलं पाणी साठवलेलं, वाहतं नाही' असं कारण पुढे येतं. उघड्या फेरीत काठी फिरलीच नाही तर पाण्याचा नळ किंवा पाइप घेऊन दुसरी रचना करा, त्याला मान्य होईपर्यंत.

मग २० बंद फेऱ्या. प्रत्येक फेरीआधी दोन माणसं फासा टाकून पाण्याच्या डब्याची जागा ठरवतात, ६ पडला तर पुन्हा टाकतात. पाचही डबे प्रत्येक वेळी उचलून ठेवायचे, नाहीतर हललेला डबा ओळखू येतो. ही दोघं निघून जातात, पाणाड्याला दिसणार नाहीत अशा जागी. त्यानंतर दुसरी दोन माणसं पाणाड्याला घेऊन येतात. पाणी कुठे आहे हे त्यांना माहीत नसतं. माहीत असणाऱ्या माणसाची नजर, पावलाची दिशा, सोडलेला श्वास, कशावरूनही कळतं, आणि कळलं हे पाणाड्यालाही कळत नाही. उत्तर पेनने लिहायचं, मग पुढची फेरी. डबे मधे उघडायचे नाहीत. सगळं शेवटी एकदम.

नशिबाने २० पैकी ४ बरोबर येतील. उत्तीर्णतेची रेघ १० वर ठेवा. निव्वळ नशिबाने १० किंवा जास्त येण्याची शक्यता ४०० मध्ये साधारण १. आणि १० आले तर 'नशीब' म्हणून आपण पळायचं नाही, हेही त्याच कागदावर लिहा. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा २० फेऱ्या.

करवीरकर

डबे झाकायला गोणपाट चालंल का? घरात पडून हाय.

विहीर बोअर

गोणपाट नको. पाण्याच्या डब्याला बाहेरून दव धरतं, गोणपाट ओलं होऊन काळं पडतं आणि चार हातांवरून दिसतं. निळी ताडपत्री कापून घ्या, आणि पाणी आदल्या रात्रीच भरून ठेवा, म्हणजे ते हवेइतकंच कोमट होईल.